इंजिनातला जाम बोल्ट कसा काढावा: पहिल्यांदाच पाना हातात घेणाऱ्यांसाठी

एक्झॉस्ट मॅनिफोल्ड म्हणजे इंजिनाचा धूर बाहेर नेणारी नळकांडी. तिची गॅस्केट, म्हणजे जोडातली फट बंद करणारी पातळ पट्टी, गेली की गाडी सकाळी सुरू केल्याबरोबर फटफट वाजते आणि तापली की बऱ्याचदा गप्प होते. गॅस्केट स्वस्त असते आणि कामही सांगायला सोपं आहे: नट काढा, मॅनिफोल्ड मागे ओढा, जुनी गॅस्केट खरवडा, नवी लावा. पण गाडी दहा-बारा वर्षांची असेल आणि त्यातही अलिबाग, रत्नागिरी, मालवणकडच्या खाऱ्या हवेत वाढलेली असेल, तर त्यातला एखादा नट हटून बसतोच. मग माणूस पान्याला पाइप लावतो, लोंबकळतो आणि स्टड (नट ज्यावर चढतो तो डोकं नसलेला बोल्ट) तुटतो. तासाभराचं काम आठवड्यावर जातं, गाडी अंगणात विटांवर.

हा लेख त्या एका नटासाठी आहे. उदाहरण म्हणून जुनी ऑल्टो घेऊ: ७९६ सीसी, तीन सिलिंडर, हेड (इंजिनाचा वरचा भाग) अ‍ॅल्युमिनियमचं, त्यात पोलादी स्टड, त्यावर एम-८ चे, म्हणजे ८ मिलिमीटर आट्यांचे नट. थर्मोस्टॅटची टोपी, वॉटर पंप, अल्टरनेटरचा ब्रॅकेट इथले बोल्टही याच रीतीने निघतात. डिझेल इंजिनातले जाम इंजेक्टर, ग्लो प्लग आणि हेडचे मुख्य बोल्ट मात्र पहिल्या प्रयोगासाठी घेऊ नका. ग्लो प्लग हेडमध्ये तुटला तर हेडच उतरवावं लागू शकतं.

१. आधी बघा, तो जाम का झालाय

सगळे जाम बोल्ट सारखे नसतात आणि उपाय त्यावर ठरतो.

पोलादी नट पोलादी स्टडवर असेल तर तो गंज आहे. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, म्हणून आट्यांमधली सगळी फट भरून काढतो. हा प्रकार लालसर-तपकिरी दिसतो. याला तेल आणि उष्णता दोन्ही लागू पडतात.

पोलादी बोल्ट अ‍ॅल्युमिनियममध्ये असेल आणि कडेला पांढरी भुकटी दिसत असेल, तर दोन वेगळ्या धातूंमध्ये ओलाव्यामुळे झालेली ती झीज आहे. थर्मोस्टॅटच्या टोपीत हे हमखास सापडतं, विशेषतः कूलंटऐवजी वर्षानुवर्षं नळाचं पाणी ओतलं असेल तर. इथे तेल आत शिरतच नाही म्हटलं तरी चालेल. खरा इलाज उष्णता.

तिसरा प्रकार म्हणजे आधीच्या मिस्त्रींनी आट्यांना लॉकिंग गोंद लावलेला असतो. त्यातला कडक, लाल प्रकार साधारण २५० अंशांच्या आसपास तापवला की मऊ पडतो. त्यावर तेल मारत बसण्यात अर्थ नाही.

२. सामान जमवा

अर्धवट सामानावर काम सुरू करणं हेच निम्म्या तुटलेल्या बोल्टांमागचं कारण आहे. एवढं जवळ हवंच:

- सहा कोनी गोट्या (सॉकेट): ८, १०, १२, १३, १४, १७ नंबर
- रिंग पाने आणि साधारण ४५ सेंटिमीटरचा ब्रेकर बार (गोटी फिरवायचा लांब दांडा)
- तारेचा ब्रश, जुना टूथब्रश
- अर्धा किलोचा हातोडा, सेंटर पंच, छिन्नी
- आत झिरपणारं तेल
- हीट गन किंवा छोटा गॅस टॉर्च, आणि मेणबत्ती
- व्हाइस ग्रिप (आवळून लॉक होणारी पक्कड)
- सुरक्षा चष्मा, चामडी हातमोजे, अग्निशामक
- टॉर्क पाना (आवळायचा जोर मोजणारा)
- नवे स्टड, नवे नट, नवी गॅस्केट

शेवटची ओळ विसरू नका. जे काढाल ते परत लावायचं नाही, असं ठरवून काम सुरू केलं की हात आपोआप धीराने चालतो. जुना स्टड घेऊन दुकानात जा आणि लांबी व आट्यांची पिच (दोन आट्यांमधलं अंतर) मोजून नवा घ्या. पुण्यात नाना पेठेत सुटे भाग मिळतात, मुंबईत हत्यारांसाठी नागदेवी स्ट्रीट.

गोटी सहा कोनीच घ्या. सेटमध्ये बऱ्याचदा बारा कोनी येतात. त्या भरभर बसतात खऱ्या, पण बोल्टच्या डोक्याचे फक्त कोपरे धरतात, आणि गंजलेल्या डोक्याचे कोपरे आधीच गेलेले असतात. नंबरचीही एक गोम आहे. जपानी पद्धतीच्या गाड्यांत एम-८ ला १२ नंबर लागतो, युरोपीय पद्धतीत १३. बारावर तेरा नंबरची गोटी सैल बसते, थोडी फिरतेसुद्धा, आणि मग डोकं गोल करून टाकते. गंजाने डोकं बारीक झालं असेल तर तारेच्या ब्रशने घासून खालची मापं लावून बघा आणि ठोकून घट्ट बसेल तीच घ्या.

३. काम सुरू करण्याआधी

बॅटरीची निगेटिव्ह केबल काढा. इंजिन पूर्ण थंड होऊ द्या. थर्मोस्टॅटचं काम असेल तर कूलंट आधी उतरवून घ्या, आणि गरम रेडिएटरची टोपी उघडायची नाही हे वेगळं सांगायला नको. पेट्रोलचे पाइप आणि वायरिंग कुठून जातं ते विजेरीच्या उजेडात नीट बघा. गॅस टॉर्च वापरायचा असेल तर हा मुद्दा जिवाचा आहे. जवळचे रबरी पाइप आणि वायरी सोडवून बाजूला बांधा, जमत नसेल तर मध्ये पत्र्याचा तुकडा आडवा धरा.

ब्रेक क्लीनर मारलेल्या जागी ज्योत लावू नका. क्लोरीन असलेला ब्रेक क्लीनर तापला की विषारी वायू बनतो. जागा सुकू द्या, नाहीतर आधी साबणाच्या पाण्याने धुऊन घ्या.

मग तारेचा ब्रश. आट्यांचा जेवढा भाग बाहेर दिसतो तेवढा लखलखीत करा. स्टडचं पुढे आलेलं टोक गंजलेलं असेल तर नट मोकळा झाल्यावरही त्या गंजावरून निघताना पुन्हा अडकतो, आणि बहुतेक स्टड इथेच मोडतात. हे पंधरा मिनिटांचं कंटाळवाणं काम पुढचे तास वाचवतं.

४. तेल मारा आणि घरी जा

डब्ल्यूडी-४० सगळीकडे मिळतं, पण त्याचा जन्म पाणी हटवण्यासाठी झाला. नावातला ४० म्हणजे त्या मिश्रणाचा चाळिसावा प्रयत्न. हलक्या गंजावर चालतं. जास्त जाम असेल तर खास झिरपणारं तेल घ्या, किंवा ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल आणि अ‍ॅसिटोन समसमान मिसळून वापरा. हे मिश्रण बनवल्यावर लगेच वापरायचं, कारण ते वेगळं होतं आणि अ‍ॅसिटोन उडून जातो. रंगावर आणि प्लास्टिकवर पडू देऊ नका, आणि अ‍ॅसिटोन पेटतो हे लक्षात असू द्या. जुने मिस्त्री रॉकेल वापरायचे, तेही वाईट नाही.

तेल मारल्यावर पाच मिनिटांनी पाना लावायचा नाही. संध्याकाळी मारा, हातोड्याने डोक्यावर दोन-चार हलके ठोके द्या, सकाळी परत मारा, परत ठोका. ठोक्यांनी गंजाला बारीक तडे जातात आणि तेल त्यातून आत जातं. दोन दिवस हातात असतील तर दोन दिवस हेच करा. एक्झॉस्टच्या नटांना आणखी एक फायदा: तेल मारून गाडी थोडी चालवून आणली की तापून-निवून तेल आत ओढलं जातं. थोडा धूर आणि वास येईल, तेवढ्यापुरता तो सोसा.

५. फिरवण्याआधी दिशा तपासा

ही ओळ अनावश्यक वाटेल, पण गाडीखाली पाठीवर झोपून, आरशातून बघत काम करताना डावं-उजवं उलटं होतं. बोल्टच्या डोक्याकडून बघताना घड्याळाच्या उलट दिशेने तो सैल होतो. हाताने एकदा हवेत फिरवून खात्री करा.

६. पहिला झटका घट्ट करण्याच्या दिशेने

गोटी ठोकून पूर्ण बसवा. बार बोल्टच्या अक्षाशी काटकोनात धरा, दुसऱ्या हाताने गोटीचं डोकं दाबून ठेवा. मग उघडायच्या आधी अगदी किंचित घट्ट करण्याच्या बाजूला जोर द्या. गंजाचा पापुद्रा फुटायला एवढं पुरतं. नंतर उघडण्याच्या बाजूला.

आता किती जोर? एम-८ चा साधा बोल्ट घट्ट करताना सुमारे २५ न्यूटन-मीटर टॉर्क लागतो. ३० सेंटिमीटरच्या पान्यावर हा म्हणजे साधारण साडेआठ किलोचा दाब. तुटायची पातळी त्याच्या दुपटीपर्यंत जाईल, फार पुढे नाही. आणि लोक मीटरभर पाइप लावून अंगाचा भार टाकतात, म्हणजे सहज दोन-तीनशे न्यूटन-मीटर. गंज सुटण्याआधी पोलाद तुटणार, हे गणित आधीच ठरलेलं. एम-६ ला तर दहाच न्यूटन-मीटर लागतात. तिथे ब्रेकर बार हातात घेऊच नका, छोटा रॅचेट पुरे.

आणि हातात काय जाणवतंय त्याकडे लक्ष ठेवा, सगळी मेख इथे आहे. बार जोर लावल्यावर एकदम *टक्* करून थोडा हलला आणि मग किर्र आवाज करत फिरू लागला, तर बोल्ट सुटलाय. बार हळूहळू, आवाज न करता, रबर ताणल्यासारखा पुढे सरकत असेल आणि हात सैल केला की थोडा परत येत असेल, तर बोल्ट सुटत नाहीये; तो पिळला जातोय. त्याच क्षणी हात काढा. पुढच्या काही अंशांत तो तुटणार आहे. इथे थांबून परत तेल, परत ठोके, किंवा सरळ पुढची पायरी.

सुटल्यावर एकदम बाहेर काढायला जाऊ नका. पाव फेरा उघडा, थोडा परत घट्ट करा, तेल मारा, पुन्हा पाव फेरा. भुकटी आट्यांमधून बाहेर पडायला वाट हवी असते. मध्येच फार घट्ट लागलं तर जोर न लावता मागे या.

एक्झॉस्टमध्ये नटाबरोबर आख्खा स्टडच हेडमधून बाहेर आला तर घाबरू नका. हा चांगलाच निकाल आहे, नवा स्टड लावायचाच होता.

७. उष्णता

तेलाने काम झालं नाही तर माझा भरवसा फक्त उष्णतेवर आहे. पण कुठे तापवायचं, हे समजून घ्या.

नट स्टडवर असेल तर नट तापवा, स्टड नाही. ज्योत नटाच्या चपट्या बाजूंवर पटापट फिरवा, म्हणजे स्टडला ताप पोचण्याआधी नट फुगतो. फिकट लाल झाला की लगेच गोटी. लाल झालेल्या धातूला मेणबत्ती टेकवा. मेण वितळून आट्यांत आपसूक ओढलं जातं आणि तिथलं घर्षण कमी करतं. हे बघायलासुद्धा मजा येते. मात्र मेण भडकू शकतं, त्यामुळे लांबूनच.

बोल्ट अ‍ॅल्युमिनियममध्ये असेल तर उलटं: भोवतालचं अ‍ॅल्युमिनियम तापवा. त्याच तापमानाला अ‍ॅल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं, म्हणून भोक मोठं होतं. इथे हीट गन बरी, ज्योत नको. कारण अ‍ॅल्युमिनियम लाल होऊन इशारा देत नाही. शुद्ध अ‍ॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, इंजिनात वापरायचा मिश्रधातू त्याहीआधी मऊ पडतो, आणि तोवर ते चांदीसारखंच दिसतं. पाण्याचा थेंब टाकला तर चुर्र होऊन उडाला पाहिजे, एवढं तापमान पुरे. रबरी सील, गॅस्केट जवळ असतील तर त्या बदलायच्या हे गृहीत धरा.

जस्ताचा मुलामा असलेले नट लाल करत असाल तर उघड्यावर करा. जस्ताचा पांढरा धूर छातीत गेला की रात्री ताप येतो.

स्पार्क प्लगबाबत मात्र हा नियम नाही. अ‍ॅल्युमिनियम हेडमधला प्लग इंजिन थंड असतानाच काढायचा.

८. डोकं गोल झालं

गोटी एकदा सटकली की तीच गोटी पुन्हा लावू नका. एक नंबर लहान, सहा कोनी गोटी घ्या आणि हातोड्याने ठोकून बसवा. त्यानेही जमलं नाही तर व्हाइस ग्रिप पूर्ण आवळून लावा आणि तिच्या कडेवर हातोडा मारा. नट काढायचा असेल आणि स्टडची पर्वा नसेल, तर छिन्नीने नटाची एक बाजू चिरून टाका. मेहनत आहे, पण मॅनिफोल्डला धक्का न लावता होतं.

गोल डोकं काढण्यासाठी आतून नागमोडी दाते असलेल्या खास गोट्या मिळतात. एक सेट घेऊन ठेवण्यासारखा आहे.

९. बोल्ट तुटला

इथून पुढे घाई महागात पडते. आधी बघा, किती तुकडा बाहेर आहे.

बाहेर दिसतोय, निदान दोन-तीन मिलिमीटर: त्यावर नट ठेवून आतून वेल्डिंग करायचं. एम-८ साठी एम-८ किंवा एम-१० चा नट. पोलादाचं वेल्ड अ‍ॅल्युमिनियमला धरत नाही, त्यामुळे हेडला थोडं लागलं तरी सुटून येतं. वेल्डचा ताप हाच खरा कारागीर. गडद लाली गेली, हात लावता येत नाही इतकंच गरम आहे, तेव्हा पाना लावून हळूहळू पुढे-मागे करा. पहिल्यांदा वेल्ड तुटलं तर परत करा, परत करा. प्रत्येक वेळच्या तापाने आतला गंज थोडा अधिक सुटतो. वेल्डिंगवाल्याला बोलावताना सांगून ठेवा: बॅटरीच्या दोन्ही केबल सोडवा, ईसीयूचा (इंजिनाच्या कॉम्प्युटरचा) कनेक्टर काढा, अर्थ क्लॅम्प बोल्टच्या अगदी जवळ लावा. पेट्रोलच्या टाकीपाशी किंवा पाइपजवळ हे काम अजिबात नाही.

पृष्ठभागाच्या आत तुटलाय: आता ड्रिलिंग. सेंटर पंच बरोबर मध्यभागी मारा, आणि इथे अर्धा मिलिमीटरही महत्त्वाचा. भिंगातून बघा, चुकलं तर पंच तिरका धरून खूण सरकवा. मग ३ मिलिमीटरचं ड्रिल, कमी वेगात, तेल लावत. ड्रिल सरळ आत जातंय का हे बाजूने आणि समोरून, दोन्हीकडून कोणीतरी बघत उभं असेल तर बरं. डाव्या आट्यांचे, म्हणजे उलट दिशेने फिरून कापणारे ड्रिल मिळाले तर तेच वापरा. बऱ्याचदा ड्रिल करता करताच तुकडा उलटा फिरून बाहेर येतो.

ईझी-आउट म्हणजे तुटलेला बोल्ट आतून पकडून उलटा फिरवायची काडी. तिच्याबद्दल माझं मत थोडं कडू आहे. तुटलेला बोल्ट घट्ट बसलाय म्हणूनच तर तुटला. त्याच बोल्टमध्ये निमुळती काडी ठोकून तो बाहेर येईल, ही आशा फार वेळा फसते. काडी आतून बोल्टला फुगवतेही. आणि ती कडक पोलादाची, तुटली तर ड्रिलने निघत नाही. मग उरतो एकच मार्ग, स्पार्क इरोजन, म्हणजे विजेच्या ठिणग्यांनी धातू झिजवून काढणं. भोसरी, सातपूर, शिरोली अशा औद्योगिक भागांत टूलरूमवाले ते करतात, पण भाग सोडवून तिथे घेऊन जावा लागतो. ईझी-आउट वापरायचीच असेल तर आधी भाग तापवा, आणि हाताला तो रबरी ताण जाणवला की तिथेच थांबा.

ड्रिल थोडं थोडं मोठं करत आट्यांच्या आतल्या व्यासापर्यंत जायचं: एम-६ ला ५, एम-८ ला ६.८ मिलिमीटर. भोक मध्यभागी असेल तर बोल्टचे उरलेले आटे तारेसारखे वेटोळे होऊन निघतात. मग टॅपने (आटे पाडायच्या हत्याराने) आटे साफ करा.

भोक तिरकं गेलं किंवा आटे खाल्ले गेले तर हेलिकॉइल. स्टेनलेस तारेचे नवे आटे बसतात, आणि अ‍ॅल्युमिनियममध्ये ते मूळपेक्षा टिकाऊच ठरतात. किटमध्ये त्याच मापाचं ड्रिल आणि टॅप येतात, दुसरीकडचं ड्रिल वापरू नका.

मी काय करतो: हेडवर तुटलेला स्टड सपाटीच्या खाली गेला असेल आणि त्या जागी ड्रिल सरळ धरता येत नसेल, तर मॅनिफोल्ड बाहेर काढून हेड एखाद्या चांगल्या टर्नरकडे पाठवतो. रागात हातात ड्रिल घेऊन बसण्यापेक्षा तो खर्च परवडतो.

१०. परत लावताना

भोक आंधळं असेल, म्हणजे पलीकडे उघडं नसेल, तर त्यात तेल किंवा कूलंट राहू देऊ नका. बोल्ट आत जाताना द्रव दाबला जातो, त्याला जायला जागा नसते, आणि अ‍ॅल्युमिनियमला तडा जाऊ शकतो. कॉम्प्रेसरची हवा मारून किंवा कापडाची वात घालून कोरडं करा. हवा मारताना चष्मा घाला.

स्टडच्या आट्यांना तांब्याचं अँटी-सीझ (आटे जाम होऊ न देणारं वंगण) पातळ लावा, एक्झॉस्टवर तर नक्कीच. मात्र वंगण लावलं की घर्षण घटतं, त्यामुळे कोरड्या आट्यांसाठी दिलेला टॉर्क तसाच लावला तर बोल्ट जास्त ताणला जातो. टॉर्क वीस-पंचवीस टक्के कमी धरा. स्पार्क प्लगच्या आट्यांना अँटी-सीझ लावू नका. नामांकित प्लगांना आधीच मुलामा असतो आणि कंपन्या ते टाळायला सांगतात.

स्टड बोटांनी फिरवत आत घाला. पहिले काही फेरे पाना लागलाच नाही पाहिजे. लागला तर आटे तिरके चढले आहेत, काढून परत. मॅनिफोल्डचे नट मधून बाहेरच्या दिशेने, दोन टप्प्यांत आवळा. गाडी सुरू करून तापू द्या, आणि पूर्ण थंड झाल्यावर टॉर्क पाना परत एकदा फिरवून बघा. नवी गॅस्केट दबते, त्यामुळे एखादा नट पाव फेरा घेतोच.